अनुशासनाची दोन पर्वे

(नागपूर येथे झालेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



३० जून १९७५ रोजी नागपूरच्या रेल्वे स्थानकावर राष्ट्रीय स्वयंसेवक संघाचे सरसंघचालक बाळासाहेब देवरस यांना पोलिसांनी ताब्यात घेतले आणि पुढे त्यांची रवानगी पुण्याच्या येरवडा कारागृहात झाली. चारच दिवसांनी, ४ जुलैला, संघावर बंदी घोषित झाली. त्याच आदेशाने आनंदमार्गावर, जमाते इस्लामीवर आणि नक्षलवादी गटांवरही बंदी आली. एरवी एकमेकांचे तोंड न पाहणारी माणसे एकाच तुरुंगाच्या भिंतींआड आली. संघाचे स्वयंसेवक, समाजवादी, सर्वोदयी, इतकेच काय, मोहन धारियांसारखे काँग्रेसजनही त्या काळात गजाआड होते.

या अटका बेकायदा होत्या काय? हा प्रश्न वाटतो तितका सोपा नाही. २५ जूनच्या रात्री राष्ट्रपती फक्रुद्दीन अली अहमद यांनी संविधानाच्या ३५२ व्या अनुच्छेदाखाली आणीबाणीच्या घोषणेवर स्वाक्षरी केली होती. मंत्रिमंडळाला ते दुसऱ्या दिवशी सकाळी कळले, हे खरे. पण मंत्रिमंडळाने त्याला मान्यता दिली. ‘मिसा’ हा कायदा संसदेने १९७१ सालीच संमत केलेला होता. २९ जूनच्या अध्यादेशाने स्थानबद्धाला अटकेचे कारण कळवण्याचे बंधनही काढून टाकले. कागद रीतसर होते, शिक्के जागच्या जागी होते. ज्या घरचा कर्ता पुरुष रात्री उचलून नेला, त्या घराला मात्र तो का नेला आणि कधी सुटेल, हे विचारण्याची सोय उरली नव्हती.

लोकशाहीच्या घरात हुकूमशाही दार फोडून येते, असा आपला एक भाबडा समज असतो. वस्तुतः ती पुष्कळदा दार वाजवून, हातात कायद्याचा कागद घेऊन येते. हे समजून घ्यायचे तर दिल्लीच्या आधी पावणेतीन वर्षे मनिलात काय घडले, ते पाहणे उद्बोधक ठरेल.

फिलिपिन्स हा आशियातील आपल्यासारखाच निवडणुकांची सवय असलेला देश. तेथे संविधान होते, सर्वोच्च न्यायालय होते, निर्भीड म्हणवणारी वृत्तपत्रे होती. या देशाच्या उत्तरेकडील इलोकोस नॉर्ते प्रांतात, साराट या गावी, ११ सप्टेंबर १९१७ रोजी फर्डिनांड मार्कोसचा जन्म झाला. वडील मारियानो राजकारणी, आई शिक्षिका. १९३५ च्या निवडणुकीत वडिलांचा पराभव करणारा हुलिओ नालुंदासान निकालानंतर काही दिवसांतच आपल्या घरी गोळी लागून ठार झाला. विधी शाखेत शिकणारा आणि विद्यापीठाच्या नेमबाजी संघात असलेला अठरा वर्षांचा फर्डिनांड पुढे या खुनाच्या आरोपात दोषी ठरला. दरम्यान १९३९ च्या वकिलीच्या परीक्षेत तो देशात पहिला आला होता. १९४० साली सर्वोच्च न्यायालयापुढे स्वतःची बाजू त्याने स्वतःच मांडली आणि तो निर्दोष सुटला.

मार्कोसच्या सार्‍या पुढील आयुष्याचे बीज या प्रसंगात आहे. कायदा म्हणजे काय, हे त्याच्याइतके त्याच्या पिढीत फार थोड्यांना कळले असेल. कायदा मोडण्यापेक्षा तो आपल्या बाजूला वळवून घेणे अधिक फायद्याचे असते, हा धडा तो विसरला नाही.

महायुद्धानंतर त्याने स्वतःभोवती शौर्याचे वलय उभे केले. जपानी फौजांविरुद्ध ‘महार्लिका’ नावाच्या गनिमी तुकडीचे नेतृत्व आपण केले, असा त्याचा दावा होता. अमेरिकी लष्कराने हा दावा युद्धानंतर लगेचच तपासून खोटा ठरवला होता. ते कागद मात्र जगापुढे आले १९८६ सालच्या जानेवारीत. मधली चाळीस वर्षे त्या कथेवर मते मागितली गेली. १९४९ मध्ये तो प्रतिनिधिगृहात आला, १९५४ मध्ये इमेल्डा रोमुआल्देझ यांच्याशी विवाहबद्ध झाला, १९५९ मध्ये सिनेटमध्ये गेला आणि ३० डिसेंबर १९६५ रोजी राष्ट्राध्यक्ष झाला. १९६९ साली तो पुन्हा निवडून आला. अध्यक्षपदाची दुसरी खेप निवडणुकीने मिळवणारा तो त्या प्रजासत्ताकाचा पहिलाच अध्यक्ष. संविधानाप्रमाणे आठ वर्षांहून अधिक काळ त्या पदावर राहता येत नव्हते. म्हणजे १९७३ च्या अखेरीस मार्कोसला पायउतार होणे भाग होते.

देशात अशांतता होती, हे नाकारता येणार नाही. विद्यार्थी रस्त्यावर होते, साम्यवादी बंडखोर डोके वर काढत होते, दक्षिणेत मिंडानावमध्ये रक्तपात चालू होता. ऑगस्ट १९७१ मध्ये मनिलाच्या प्लाझा मिरांडा चौकात विरोधी पक्षाच्या सभेवर हातबाँब फेकले गेले. २२ सप्टेंबर १९७२ च्या रात्री संरक्षणमंत्री हुआन पोन्से एन्रिले यांच्या मोटारीवर गोळीबार झाल्याचे सांगण्यात आले. हा हल्ला बनाव होता, असे एन्रिले यांनीच १९८६ मध्ये सांगितले. पुढे आत्मचरित्रात त्यांनी ते पुन्हा नाकारले. त्या रात्री मात्र अटकसत्र सुरू झाले. बेनिग्नो अॅक्विनो, होसे डिओक्नो हे विरोधी सिनेटर उचलले गेले. सकाळी मनिलात वृत्तपत्रे आली नाहीत, नभोवाणी केंद्रे मुकी होती. २३ सप्टेंबरच्या संध्याकाळी मार्कोसने दूरचित्रवाणीवरून सांगितले की देशात लष्करी कायदा लागू झाला आहे. घोषणेचा क्रमांक १०८१, दिनांक २१ सप्टेंबर आणि आधार संविधानातील तरतूद!

आपल्याकडे २५ जूनच्या रात्री दिल्लीत बहादूरशहा जफर मार्गावरील छापखान्यांची वीज गेली. तंत्र थोडे निराळे, हेतू एकच. दुसऱ्या दिवशी सकाळी लोकांच्या हाती बातमी पडता कामा नये.

या दोन्ही राजवटींचा आवडता शब्दही एकच होता : अनुशासन. राष्ट्राच्या उत्कर्षासाठी शिस्त हवी, ही मार्कोसच्या ‘नव्या समाजा’ची घोषणा होती. आरंभी ती पुष्कळांना पटली. हजारो बेकायदा शस्त्रे जमा झाली, रस्ते स्वच्छ झाले, संचारबंदीने रात्री शांत झाल्या. आपल्याकडेही गाड्या वेळेवर धावतात, कार्यालयात बाबू जागेवर सापडतो, याचे कौतुक मध्यमवर्गाने मोकळ्या मनाने केले. हे कौतुक करणारे सारेच भित्रे किंवा विकले गेलेले नव्हते. रोजच्या बेशिस्तीने मेटाकुटीला आलेली ती साधी माणसे होती. म्हणूनच हा मोह अधिक धोक्याचा.

नागपूरहून अवघ्या दोन तासांच्या वाटेवर, वर्ध्याजवळ पवनारला, विनोबा भावे तेव्हा वर्षभराच्या मौनात होते. ‘अनुशासन पर्व’ हे दोन शब्द त्यांच्या नावावर देशभर भिंतींवर रंगले. मौन सुटल्यावर विनोबांनी अनुशासनाचा अर्थ उलगडून सांगितला. शासन राज्यकर्त्यांचे असते, अनुशासन आचार्यांचे. निर्भय, निर्वैर आणि निःपक्ष अशा आचार्यांनी समाजाला मार्ग दाखवावा. हा अर्थ भिंतीवर रंगवण्याची सोय नव्हती. १९७६ साली गोहत्याबंदीसाठी विनोबांनी उपवासाचा संकल्प जाहीर केला, तेव्हा तो छापणाऱ्या पवनारच्या ‘मैत्री’ मासिकाचे अंक पोलिसांनी जप्त केले. ज्या संताचे दोन शब्द सरकारने उचलले, त्याच संताचा पुढचा शब्द सरकारला सोसला नाही. उसनी घेतलेली वाणी अशी परत करावी लागते.

आता न्यायासनाकडे वळू. मार्कोसला नवे संविधान हवे होते. जानेवारी १९७३ मध्ये गावोगावच्या नागरिक सभांत लोकांना हात वर करायला सांगून ते ‘संमत’ करण्यात आले. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. ३१ मार्च १९७३ च्या निकालात बहुसंख्य न्यायाधीशांनी मानले की हे संविधान रीतसर संमत झालेले नाही. तरीही बहुमताने याचिका फेटाळल्या गेल्या, कारण नवे संविधान आता अमलात आलेच आहे आणि त्याला न्यायालयाची आडकाठी उरलेली नाही! सत्य ओळखूनही त्याच्या मागे उभे राहायचे नाही, याचे याहून खेदजनक उदाहरण शोधावे लागेल.

दुर्दैवाने ते फार दूर शोधावे लागत नाही. आणीबाणीतही स्थानबद्धाला न्यायालयात दाद मागता येते, असा निर्वाळा देशातील अनेक उच्च न्यायालयांनी दिला होता. मुंबई उच्च न्यायालयाचे नागपूर खंडपीठ त्यांपैकी एक, ही या नगरीने अभिमानाने सांगावी अशी गोष्ट. सरकार सर्वोच्च न्यायालयात गेले. एखाद्या पोलीस अधिकाऱ्याने वैयक्तिक वैरातून कोणाचा जीव घेतला, तरी दाद नाही काय, असे न्या. हंसराज खन्ना यांनी विचारले तेव्हा, आणीबाणी असेतोवर नाही, असे उत्तर महान्यायवादी नीरेन डे यांनी दिले. २८ एप्रिल १९७६ रोजी चार विरुद्ध एक अशा मताने सरकारची बाजू उचलून धरली गेली. त्या चौघांत पुण्याचे न्या. यशवंत चंद्रचूड होते. एकटे खन्ना विरोधात उभे राहिले. जानेवारी १९७७ मध्ये त्यांची ज्येष्ठता डावलून सरन्यायाधीशपद दुसऱ्याला देण्यात आले आणि त्यांनी राजीनामा दिला. या निकालाची चूक सर्वोच्च न्यायालयाने निःसंदिग्ध शब्दांत मान्य केली ती ऑगस्ट २०१७ मध्ये, आणि तो निकाल लिहिणाऱ्यांत न्या. यशवंत चंद्रचूडांचे पुत्र न्या. धनंजय चंद्रचूड होते. एका मराठी घराण्यातील मुलाने पित्याची चूक भर न्यायासनावरून दुरुस्त करावी, याला एकेचाळीस वर्षे लागली.

महाराष्ट्र अगदीच गप्प बसला नाही. डिसेंबर १९७५ मध्ये कऱ्हाडच्या साहित्य संमेलनात, केंद्रीय मंत्री यशवंतराव चव्हाण स्वागताध्यक्ष असताना, अध्यक्षस्थानावरून दुर्गाबाई भागवतांनी लेखनस्वातंत्र्याची बाजू निर्भयपणे मांडली आणि आजारी जयप्रकाशांसाठी सभेला प्रार्थनेचे आवाहन केले. पुढे त्यांना तुरुंगवास घडला. मिनू मसानी यांच्या ‘फ्रीडम फर्स्ट’ मासिकाच्या प्रकरणात फेब्रुवारी १९७६ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने अभ्यवेक्षकाच्या कात्रीला मर्यादा घातल्या. १४ नोव्हेंबर १९७५ पासून लोकसंघर्ष समितीच्या सत्याग्रहात हजारो सामान्य कार्यकर्त्यांनी स्वतःहून अटक करवून घेतली. त्यांची नावे कोणत्याही पाठ्यपुस्तकात नाहीत.

येथपर्यंत मनिला आणि दिल्ली यांची वाट जवळजवळ समांतर चालते. पुढे ती फुटते. आपली आणीबाणी एकवीस महिन्यांत संपली. मार्कोसची सत्ता १९७२ नंतर आणखी सुमारे साडेतेरा वर्षे टिकली. असे का झाले?

इतिहासाशी प्रामाणिक राहायचे तर पहिली गोष्ट अशी की १८ जानेवारी १९७७ रोजी इंदिरा गांधींनी निवडणूक जाहीर केली आणि मार्चमधील पराभव मान्य करून त्या पायउतार झाल्या. जिंकण्याच्या भरवशावर का होईना, त्यांनी मतपेटी उघडू दिली. मार्कोसने मतपेटी ठेवली, पण तिची किल्ली खिशात ठेवली. १९७८ च्या कायदेमंडळाच्या निवडणुकीत तुरुंगातून उभे राहिलेले अॅक्विनो आणि मनिलातील त्यांचे सारे सहकारी ‘पराभूत’ झाले. जानेवारी १९८१ मध्ये लष्करी कायदा कागदावर उठला, अधिकार मात्र सारे तसेच राहिले. त्याच वर्षीच्या शपथविधीला अमेरिकेचे उपाध्यक्ष जॉर्ज बुश यांनी मार्कोसच्या लोकशाहीनिष्ठेची वाखाणणी केली. क्लार्क आणि सुबिक येथील अमेरिकी तळांपुढे फिलिपिनो नागरिकाचे स्वातंत्र्य वॉशिंग्टनला गौण वाटत होते.

दुसरी गोष्ट सैन्याची. भारतीय सैन्य आणीबाणीत बराकीतच राहिले. मार्कोसने सैन्य वाढवले, त्याच्या शिरोभागी आपल्याच प्रांतातील फाबियन व्हेर यांना बसवले. परिणाम भीषण झाला. सुमारे ७० हजार लोक तुरुंगात, ३४ हजारांचा छळ आणि तीन हजारांहून अधिक हत्या, असे त्या कालखंडाचे सर्वत्र उद्धृत होणारे आकडे आहेत. आपल्याकडे एक लाखाहून अधिक लोक कोठडीत गेले; छळाच्या, तुरुंगातील मृत्यूंच्या आणि सक्तीच्या नसबंदीच्या कहाण्या शहा आयोगापुढे आल्या. एकवीस महिन्यांच्या जागी चौदा वर्षे गेली असती तर आकडे कोठवर पोचले असते, याची कल्पना मनिलावरून यावी.

२१ ऑगस्ट १९८३ रोजी परदेशातून परतणाऱ्या अॅक्विनो यांना मनिलाच्या विमानतळावर, सैनिकांच्या पहाऱ्यात, गोळी घालण्यात आली. तेथून राजवटीचे बुरूज ढासळू लागले. परकीय कर्ज सुमारे २६ अब्ज डॉलरवर गेले होते. १९८४ आणि १९८५ या दोन्ही वर्षी अर्थव्यवस्था सुमारे सात टक्क्यांनी आक्रसली. ७ फेब्रुवारी १९८६ च्या निवडणुकीत अॅक्विनोंच्या पत्नी कोराझॉन उभ्या राहिल्या. मतमोजणीचे आकडे बदलले जात आहेत, हे पाहून संगणकावर बसलेले तीसहून अधिक कर्मचारी, त्यांत बहुतांश तरुणी, उठून बाहेर पडले. पुढे एन्रिले आणि जनरल फिडेल रामोस फुटले, कार्डिनल सिन यांनी नभोवाणीवरून हाक दिली आणि २२ ते २५ फेब्रुवारी असे चार दिवस लाखो लोक एड्सा महामार्गावर रणगाड्यांपुढे उभे राहिले. मार्कोस सहकुटुंब हवाईला पळाला. राजवाड्यात इमेल्डाच्या चपला-बुटांचे शेकडो जोड मागे राहिले. जगाने ते जोड लक्षात ठेवले आणि संगणकावरून उठलेल्या त्या मुलींना विसरले.

तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची, आणि तीच आज येथे बोलण्याचे खरे कारण आहे. सत्तांतर झाले म्हणजे समाज शहाणा झाला, असे होत नाही. १९८९ मध्ये मार्कोस होनोलुलूत मरण पावला. दोनच वर्षांनी त्याचे कुटुंब मायदेशी परतले. १९९५ मध्ये इमेल्डा निवडून आली. २००३ मध्ये स्विस बँकांतील ६५ कोटींहून अधिक डॉलर सर्वोच्च न्यायालयाने गैरमार्गाचे म्हणून सरकारजमा केले. तरीही १८ नोव्हेंबर २०१६ रोजी मार्कोसचे शव मनिलातील वीरांच्या दफनभूमीत सन्मानाने पुरण्यात आले. आणि मे २०२२ मध्ये त्याचा मुलगा, फर्डिनांड मार्कोस कनिष्ठ, तीन कोटींहून अधिक मते घेऊन राष्ट्राध्यक्षपदी निवडून आला. त्याला मत देणाऱ्या तरुणांपैकी असंख्यांचा जन्म एड्सानंतरचा. बापाचा काळ सुवर्णयुग होता, असे त्यांना मोबाईलच्या पडद्यावर सांगण्यात आले आणि घरात ते खोडून काढणारे कोणी नव्हते. ज्यांनी सोसले, त्यांनी मुलांना सांगितलेच नव्हते.

फिलिपिनो मतदाराला हसण्यापूर्वी नागपूरकराने आपल्या अंगणात पाहावे. १९७७ च्या त्या ऐतिहासिक निवडणुकीत उत्तर भारतात काँग्रेस वाहून गेली. महाराष्ट्रात मात्र तिला ४८ पैकी २० जागा मिळाल्या आणि विदर्भातील बहुतेक जागा तिच्याच पदरात पडल्या. खुद्द नागपुरातून, जेथे सरसंघचालकांना अटक झाली त्या नागपुरातून, काँग्रेसचे गेव आवारी निवडून आले. मतदार मूर्ख होता, असा याचा अर्थ नव्हे. त्याची आपली कारणे असतील. पण अन्याय आपल्या वस्तीत घडला म्हणून वस्तीने तो जाणला, असे गृहीत धरता येत नाही. तो सांगावा लागतो.

सांगण्याची आपली रीत कोणती? २०१८ मध्ये राज्य सरकारने मिसाबंदींना मानधन सुरू केले, २०२० मध्ये दुसऱ्या सरकारने ते थांबवले, २०२२ मध्ये तिसऱ्याने पुन्हा सुरू केले. सरकार बदलले की स्मृती चालू-बंद व्हावी, अशी ती नळाची तोटी झाली. त्या मानाने १९७८ ची ४४ वी घटनादुरुस्ती हे खरे स्मारक. ‘अंतर्गत अशांतता’ हा मोघम शब्द जाऊन ‘सशस्त्र उठाव’ आला, मंत्रिमंडळाचा लेखी निर्णय आवश्यक झाला, आणि जगण्याचा व व्यक्तिस्वातंत्र्याचा हक्क आणीबाणीतही हिरावता येणार नाही, असे ठरले. फिलिपिन्सनेही १९८७ च्या संविधानात लष्करी कायद्याला साठ दिवसांची मर्यादा घातली आणि अध्यक्षाला एकच सहा वर्षांची खेप ठेवली. कुंपणे दोन्हीकडे घातली गेली. पण कुंपणाची राखण करणारा जागा हवा.

जागे राहणे म्हणजे केवळ जुन्या प्रतिपक्षाला दर २५ जूनला दूषणे देणे नव्हे. ते सोपे आहे आणि त्यात काही पणाला लागत नाही. आपल्या आवडीचा नेता सत्तेवर असताना, आपल्याला पटणाऱ्या उद्दिष्टासाठी, कोणाला विनाकारण कोठडीत ठेवले गेले, कोणाचे वृत्तपत्र बंद पडले, तर ‘कारण सांगा’ असे म्हणता येणे, ही खरी कसोटी. येरवड्यात ज्यांच्याशी जन्मभर मतभेद राहिले त्यांच्याबरोबर ज्यांनी एका बराकीत दिवस काढले, त्यांना ही कसोटी समजावून सांगावी लागत नव्हती. त्यांची पिढी आता सरत चालली आहे. पन्नास वर्षे लोटली. त्यातील कोणी आजोबा, कोणी आजी आजही या नागपुरात, धंतोलीत, महालात, सीताबर्डीच्या एखाद्या वाड्यात आहेत. त्यांच्याजवळ बसावे आणि त्यांचा तो सगळा काळ एकदा नीट ऐकून घ्यावा. नातवंडांनाही शेजारी बसवावे. मनिलातील घरांनी हे काम उद्यावर टाकले होते.